दस्तुरी नाक्यावरची पावती: गिरिस्थान नगरपरिषदा पर्यटनाचा खर्च कुठून भागवतात?

दस्तुरीला गाडी लावली की माथेरानला निघालेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती नगरपरिषदेच्या खिडकीशी. किती माणसे ते सांगायचे, मोठ्यांचे माणशी पन्नास रुपये द्यायचे आणि प्रवासी कराची पातळशी पावती खिशात टाकायची. बाजूला घोडेवाले आणि हमाल उभे असतात. रांगेतला एखादा हमखास विचारतो, "हे कशाचे पैसे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र खिडकीवर मिळत नाही, कारण ते दीडशेहून अधिक वर्षे मागे जाते.

आपली बहुतेक गावे आधी वसली आणि नगरपालिका नंतर आली. थंड हवेच्या ठिकाणांचे तसे नाही. ती वसलीच पाहुण्यांसाठी. १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरी हवा पालटण्याचे ठाणे उभारायला घेतले. पुढच्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार झाला आणि वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात इथली जागा इंग्रजांकडे गेली. नव्या पेठेला नावही माल्कम पेठ असेच पडले. माथेरानचा डोंगर ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत भरला तो १८५० साली. तिथला कारभार पाहायला सरकारने अधीक्षक नेमला, आणि महसूल खात्याचे ते पद माथेरानात अजून टिकून आहे. १९०५ साली नगरपालिका आली. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून छोटी आगगाडी वर आणली आणि गर्दीचे गणितच बदलले.

अशा गावाची अडचण समजून घेतली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ भरली. एवढ्या घरांच्या घरपट्टीत गावापुरता झाडलोटीचा खर्च निघेल. पण सुट्टीच्या दिवशी वर येणाऱ्या हजारोंचा कचरा, त्यांना लागणारे पाणी, शौचालये आणि दिवाबत्ती यांचा भार त्याच तिजोरीवर पडतो. मोटारींना बंदी असल्यामुळे इथे प्रत्येक गोष्ट चढवायला आणि उतरवायला जादा पैसे लागतात. म्हणून येणाऱ्याकडून कर घ्यायचा. माझ्या मते हा कर पूर्णपणे न्याय्य आहे.

ही कल्पना डोंगरावर जन्मली असे मात्र नाही. तिचे मूळ यात्रांत आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरसारख्या क्षेत्री वारीच्या दिवसांत पटकीची (कॉलऱ्याची) साथ उसळायची आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर गावोगाव पोहोचायची. यात्रेकरूंकडून कर घेऊन त्यातून स्वच्छता आणि पाण्याची सोय करायची, ही रीत त्या भीतीतून रुजली. पुढे पंढरपुरातला हा कर गेला आणि त्याच्या जागी राज्य सरकारचे यात्रा अनुदान आले. पण महाराष्ट्र नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात यात्रेकरूंवरील कर ऐच्छिक करांच्या यादीत राहिला, आणि गिरिस्थानांसाठीही त्याच कायद्यात वेगळ्या तरतुदी आल्या. पाहुण्याकडून घेतलेला पैसा मुळात झाडू, पाणी आणि गटारासाठी होता, जाहिरातीसाठी किंवा महोत्सवासाठी नव्हता. कायद्यातही पाणी आणि सफाई ही नगरपरिषदेची बंधनकारक कामे आहेत, तर समारंभ आणि प्रदर्शने ऐच्छिक.

महाबळेश्वर आणि पाचगणीतही हीच नाका-पद्धत आहे. पाचगणीचा दांडेघर नाका ओलांडला की काही मैलांवर वेण्णा तलावाजवळ महाबळेश्वरचा नाका लागतो. लोक दोनदा थांबावे लागते म्हणून कुरकुर करतात, पण नगरपरिषदा दोन आहेत आणि दोघींनाही आपापला कचरा उचलायचा आहे. महाबळेश्वरकडे आणखी एक हक्काचे उत्पन्न आहे. १८४२ साली साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी बांधलेला हा वेण्णा तलाव मूळचा पाण्याच्या सोयीसाठी होता. आज नगरपरिषदेचा बोट क्लब तिथे चालतो आणि सुट्टीत होडीसाठी रांगा लागतात.

मग जाहिरात आणि उत्सवांचा पैसा कुठून येतो? तो वरून येतो. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले आणि पर्यटकाला बोलावण्याचे काम राज्याकडे गेले. शहराने स्वच्छ राहायचे आणि राज्याने पाहुणे आणायचे, अशी ही वाटणी झाली. पुढे १९९९ मध्ये नगरपालिका क्षेत्रातली जकात बंद झाली. भरपाईचे अनुदान मिळू लागले, पण स्वतःच्या मर्जीने खर्च करण्याचे बळ गेले. २०१७ च्या वस्तू व सेवा करानंतर करमणूक कर लावण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे राहिला खरा, पण एवढ्याशा गावात त्यातून किती निघणार? उरते ती जिल्ह्याचा विकासनिधी वाटणारी जिल्हा नियोजन समिती. 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा तिथेच मिळतो आणि रेलिंग, पायऱ्या, पॉइंटांचे सुशोभीकरण यांचा निधीही तिथूनच येतो. प्रस्ताव नगरपरिषदेने करायचा आणि यादीत बसला तर काम व्हायचे.

२०२५ च्या मे महिन्यात, २ ते ४ तारखेला, महाबळेश्वरात 'महापर्यटन उत्सव' झाला, तोही राज्याच्या पर्यटन खात्याचा. असे उत्सव व्हावेत, त्यातून गावाला चार पैसे मिळतात. माझे म्हणणे एवढेच की उत्सवाच्या खर्चातच सफाई, पाणी आणि वाहनतळ यांची तरतूद नगरपरिषदेच्या नावे आधी काढून ठेवली पाहिजे. मांडव उतरल्यावर मागे राहिलेला कचरा उचलणारी माणसे नगरपरिषदेच्याच हजेरीपटावर असतात. प्रवासी कराचा महिन्याचा हिशेबही नाक्यावर फळा लावून दाखवायला हवा. किती आले आणि कशावर गेले हे दिसले, तर "हे कशाचे पैसे?" असे कोणी विचारणार नाही.

बोलावणे आणि सांभाळणे यांची फारकत झाली की काय होते, ते माथेरानने मार्च २०२५ मध्ये दाखवले. दस्तुरीवर पर्यटकांना चुकीची माहिती देऊन त्यांची फसवणूक होते, अशी तक्रार करत गावातल्याच व्यावसायिकांनी १८ मार्चपासून बेमुदत बंद पुकारला. ज्यांचे पोट पर्यटकांवर आहे त्यांनीच दुकाने बंद केली, यावरून ती तळमळ कळते. माझ्या लेखी कुठल्याही जाहिरातीपेक्षा ती मोलाची आहे.

ई-रिक्षांची गोष्टही पैशापाशीच येऊन थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने त्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, पण माणसाने ओढायच्या हातरिक्षा चालूच राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले. गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर राज्याने ई-रिक्षा घ्याव्यात, त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्याव्यात आणि पैसे नाहीत ही सबब पुढे करू नये, असेही बजावले.