गार्ड पास करताना : नव्या विद्यार्थ्यांसाठी माहिती

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आमच्या वर्गात येणाऱ्या अनेकांनी आधी कुस्ती केलेली किंवा निदान पाहिलेली असते, त्यामुळे पाठ टेकली की डाव संपला, हे त्यांच्या अंगात मुरलेले असते. इथे मात्र पाठीवर असलेला खेळाडू हरलेला नसतो. त्याचे पाय तुमच्या आणि त्याच्या धडाच्या मध्ये आहेत तोवर तो गळा आवळू शकतो, हात अडकवू शकतो, तुम्हाला उलटवूही शकतो. या पायांच्या बचावाला गार्ड म्हणतात, आणि तो ओलांडून प्रतिस्पर्ध्याला बाजूने किंवा वरून दाबून धरले, म्हणजे गार्ड पास झाला. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार त्यासाठी 3 गुण मिळतात, पण ती पकड 3 सेकंद टिकवावी लागते.

प्रतिस्पर्ध्याने कमरेभोवती पायांची कैची घातली असेल, तर पाठ ताठ आणि कोपरे अंगालगत ठेवावीत. घाईने पुढे झुकून हात मॅटवर टेकवणे आणि एक हात त्याच्या पायांच्या आत, दुसरा बाहेर अशा स्थितीत राहणे, या दोन्ही गोष्टी आम्ही पहिल्या दिवसापासून टोकतो, कारण दुसऱ्या स्थितीतूनच ट्रँगल, म्हणजे मान आणि एक हात पायांच्या त्रिकोणात अडकवून गळा आवळण्याचा डाव लागतो. त्याची एक बाही घट्ट धरून, त्याच बाजूचे पाऊल आधी रोवून उभे राहावे आणि मोकळ्या हाताने दुसऱ्या बाजूचा गुडघा खाली दाबून कैची सोडवावी.

कैची सुटल्यावर आम्ही प्रथम नी कट शिकवतो. यात आपला गुडघा त्याच्या मांडीवरून तिरका सरकवत मॅटपर्यंत न्यायचा असतो, आणि ज्या बाजूने पलीकडे जायचे तिच्या विरुद्ध बाजूच्या त्याच्या काखेखाली आपला हात आधीच गेलेला असावा लागतो. हात तिथे नसेल तर प्रतिस्पर्धी कुशीवर वळून तुमच्या पाठीमागे येतो. तोरेआंदो या दुसऱ्या पासमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही गुडघ्यांजवळ पँट धरून पाय एका बाजूला ढकलतात आणि आपण दुसऱ्या बाजूने जातो. तो दिसायला वेगाचा डाव आहे, परंतु कंबर आणि खांदे दाबले नाहीत, तर प्रतिस्पर्धी गुडघा पुन्हा मध्ये घालतो, म्हणून वेगापेक्षा दाब शिकण्यावर आमचा भर आहे.

प्रतिस्पर्ध्याला दुमडून त्याच्या मानेवर भार टाकणारे पास प्रशिक्षकांच्या देखरेखीशिवाय करू नयेत, आणि जोडीदाराने टॅप करताच, म्हणजे हार मानल्याची खूण म्हणून हाताने थोपटताच, पकड तत्काळ सोडावी.