चायना ग्रास आणि जिलेटिन: पुडिंग दिसायला एक, वागायला वेगळं

भिशीला किंवा सोसायटीच्या कार्यक्रमाला 'प्रत्येकीनं घरून एक पदार्थ आणायचा' असं ठरलं, की गोडाच्या नावापुढे हमखास फळांचं थंडगार पुडिंग लिहिलं जातं. ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी व्हायचं तेच हे. खाली मारी बिस्किटांचा थर, त्यावर दुधाचं पांढरंशुभ्र पुडिंग, मग फळं आणि सगळ्यात वर संत्र्याच्या रसाची पारदर्शक जेली. ओव्हन लागत नाही, अंडं लागत नाही, आदल्या रात्री करून ठेवता येतं. एवढ्या सोयीचा दुसरा गोड पदार्थ मला तरी माहीत नाही. पण त्याच्या रेसिपीत बहुतेक ठिकाणी एक ओळ असते: 'चायना ग्रास किंवा जिलेटिन, जे मिळेल ते.' या ओळीमुळे कितीतरी पुडिंगं बिघडतात. या दोन वस्तू एकमेकींच्या जागी जशाच्या तशा चालत नाहीत, आणि कोल्हापुरात दहा-पंधरा जणींसाठी पुडिंग न्यायचं असेल तर मी चायना ग्रासच घ्या म्हणेन. का, ते नीट सांगते.

आधी या दोन्ही येतात कुठून ते बघू. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी यांतल्या कोलॅजेनपासून काढलेलं प्रथिन. पायाचं सूप गार झाल्यावर भांड्यात थरथरतं, ते याच घटकामुळे. चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, मिळतं समुद्रातल्या लाल शेवाळापासून. आपल्याकडे तमिळनाडूत मन्नारच्या आखाताच्या किनाऱ्यावर असं शेवाळ गोळा करतात. हे कर्बोदक आहे, त्यात प्रथिनाचा संबंध नाही. एक प्रथिन आणि एक कर्बोदक, हा एवढा भेद लक्षात राहिला तरी पुढचं सगळं आपोआप कळत जातं.

सगळ्यांनी मिळून खायचं असतं तिथे पहिला प्रश्न शाकाहाराचा येतो. कोल्हापूर तांबड्या-पांढऱ्याचं गाव असलं तरी भिशीत जैन आणि लिंगायत मैत्रिणी असतातच. शिवाय रविवारी मटणावर ताव मारणाऱ्या घरांतही सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले जातात. "वहिनी, यात जिलेटिन नाही ना?" असं कोणी विचारलं आणि उत्तर देताना आपण अडखळलो, तर तो बाऊल शेवटपर्यंत टेबलावर तसाच राहतो. आणि ज्यांनी विचारलंच नाही त्यांना न सांगता खायला घालणं तर अजिबात बरोबर नाही. पाकिटावर चौकोनातला हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे दुकानातच बघून घ्यावं. बाजारात हिरव्या ठिपक्याची तयार जेलीची पाकिटंही मिळतात. त्यांत जिलेटिन नसतं. बहुतेक वेळा कॅरागीनन नावाचं, तेही समुद्री शेवाळातूनच काढलेलं द्रव्य असतं. तेव्हा 'जेली म्हणजे जिलेटिनच' हे समीकरणही खरं नाही. मागच्या बाजूला घटकांची यादी असते, त्यात 406 हा क्रमांक म्हणजे अगर आणि 407 म्हणजे कॅरागीनन.

आता उष्णतेकडे येऊ. जिलेटिनचं पुडिंग फ्रीजमध्ये घट्ट होतं आणि तापमान 30 ते 35 अंशांच्या घरात गेलं की पुन्हा पातळ होतं. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापुरात दुपारी पारा 37-38 ला टेकतो. राजारामपुरीतून निघून रंकाळ्यापलीकडे मैत्रिणीच्या घरी पोचेपर्यंत, स्कूटीच्या पायाशी ठेवलेल्या डब्यात जिलेटिनचं पुडिंग कडेनं सुटायला लागतं. तिथे गेल्यावर जेवण व्हायला तासभर लागणार आणि गोड शेवटी येणार. तोवर थर एकमेकांत मिसळलेले असतात. चायना ग्रासचं वागणं अगदी वेगळं. ते साधारण 32 ते 40 अंशांना घट्ट होतं, म्हणजे ओट्यावर ठेवलं तरी जमतं, आणि एकदा जमलं की पुन्हा वितळायला 85 अंशांच्या आसपास उष्णता लागते. कोल्हापूरचा उन्हाळा त्याला हलवू शकत नाही. लाईट गेली, फ्रीज बंद पडला, तरी दूध टिकेल तोवर पुडिंगचा आकार तसाच राहतो.

उष्णतेइतकीच महत्त्वाची आहेत फळं. ताजा अननस, पपई, किवी, अंजीर या फळांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई वाटून लावतात, त्यामागचं कारण हेच. जिलेटिन प्रथिन असल्यामुळे ताज्या अननसाच्या फोडी त्यात पडल्या की ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तरी जमत नाही, सकाळी पाणीच मिळतं. चायना ग्रासवर या एन्झाइम्सचा काहीही परिणाम होत नाही. 'मग चायना ग्रास घेतलं की ताजा अननस खुशाल घालावा' असं पुष्कळ जणी सांगतात. ते अर्धंच खरं आहे. पुडिंग जमेल, पण त्यातल्या दुधाचं काय? दुधातही प्रथिनं असतात. एन्झाइम्स त्यांनाही तोडतात आणि पुडिंग कडू लागायला लागतं. पपईचा मिल्कशेक करून थोडा वेळ ठेवला तर कडवट होतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. म्हणून अननसाच्या फोडी साखर घालून पाच-सात मिनिटं चांगल्या उकळाव्यात, पूर्ण गार कराव्यात आणि मगच वापराव्यात. उष्णतेनं ब्रोमेलेन निकामी होतं. डब्यातला अननस आधीच शिजवलेला असतो, तो सरळ चालतो. पपईच्या बाबतीत मात्र थोड्या उकळीवर विसंबू नये, कारण पपेन उष्णता बरीच सोसतं. दुधाच्या पुडिंगमध्ये पपई नकोच. आंबा, केळी, चिकू, सफरचंद, द्राक्षं, डाळिंब यांची कसलीच अडचण नाही.

उष्णता आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स, या दोन्ही अडचणी स्वयंपाकघरापुरत्या नाहीत. 1881 च्या सुमारास बर्लिनमध्ये जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरलं जात होतं. तिथेही तेच व्हायचं. उन्हाळ्यात किंवा ऊबदार पेटीत ठेवल्यावर ते वितळायचं, आणि काही जिवाणू आपल्या एन्झाइम्सनी त्याचं पाणी करून टाकायचे. त्या प्रयोगशाळेत वाल्टर हेस नावाचे डॉक्टर काम करत होते. त्यांच्या पत्नी फॅनी अँजेलिना हेस यांनी अगर वापरून बघा असं सुचवलं. त्या घरी जेली आणि पुडिंग करताना अगर वापरायच्या, आणि ही युक्ती त्यांना जावामध्ये राहून आलेल्या परिचितांकडून कळली होती. कॉख यांनी 1882 च्या क्षयरोगाच्या जिवाणूवरच्या निबंधात अगरचा उल्लेख केला, पण फॅनी हेस यांचं नाव तिथे आलं नाही. आज आपल्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीचं कल्चर लावतात, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून बघतात, तेही अगरच्याच थरावर. पुडिंग करणाऱ्या एका बाईच्या हातच्या जाणकारीतून केवढं मोठं काम उभं राहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या मुलींना हे नाव सांगायला हवं.

करण्याची पद्धत दोन्हींची उलटी आहे, आणि खरी गफलत इथेच होते. जिलेटिन आधी गार पाण्यात पाच-दहा मिनिटं फुगवायचं, मग गरम पाण्याच्या भांड्यावर धरून हलकेच विरघळवायचं. ते खळखळ उकळत ठेवायचं नसतं, त्यानं त्याची पकड कमी होते. चायना ग्रासला मात्र उकळी हवीच. नुसत्या गरम पाण्यात ते मऊ पडतं, विरघळत नाही. जिलेटिनच्या सवयीनं चायना ग्रास कोमट ठेवलं तर पुडिंग जमत नाही आणि दाताखाली धागे येतात.

1 लिटर दुधाला 10 ग्रॅम चायना ग्रासच्या काड्या घ्या. कात्रीनं बोटभर तुकडे करून दीड वाटी पाण्यात अर्धा तास भिजवा. मग त्याच पाण्यासकट मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळू द्या आणि ढवळत राहा. पळी वर उचलून उजेडाकडे धरा आणि पाठीवरून ओघळणारं पाणी बघा. त्यात अजून शेवयांसारखे पारदर्शक धागे दिसत असतील तर आणखी दोन मिनिटं द्या. दुसऱ्या शेगडीवर दूध साखर घालून उकळत असलं पाहिजे. दोन्ही गरम असतानाच एकत्र करायची. गार दुधात गरम चायना ग्रास ओतलं की ते जागच्या जागी गोठतं आणि गुठळ्या होतात. मिश्रण गाळणीतून गाळा आणि एक चमचा मिश्रण स्टीलच्या गार ताटलीत टाकून बघा. दोन-तीन मिनिटांत जमलं आणि बोटानं ढकलल्यावर अखंड सरकलं, तर प्रमाण बरोबर. फार कडक वाटलं तर थोडं गरम दूध वाढवा. काड्यांऐवजी पावडर असेल तर ही ताटलीची परीक्षा सोडूच नका, कारण वेगवेगळ्या पावडरींची ताकद सारखी नसते.

थर लावतानाही दोघींचे नियम वेगळे. जिलेटिनचा दुसरा थर जवळजवळ गार करून ओतावा लागतो, नाहीतर खालचा वितळतो. चायना ग्रासचा दुसरा थर गरमच ओतायचा, आणि तोही पहिला नुकताच जमलेला, बोटाला किंचित चिकट लागत असताना. पहिला पूर्ण गार आणि कोरडा झाला तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि वाढताना वरची जेली सरकून वेगळी होते. फळांच्या फोडी स्वच्छ कापडावर कोरड्या करून घ्या, ओल्या फळांभोवती पाणी सुटतं. वरच्या जेलीसाठी संत्र्याचा रस चायना ग्रासबरोबर उकळू नका. आंबटपणा आणि उकळी एकत्र आली की चायना ग्रास कमजोर पडतं. आधी ते पाण्यात साखरेबरोबर पूर्ण विरघळवा, गॅस बंद करा आणि मग रस घाला. रस खोलीच्या तापमानाचा असावा, फ्रीजमधला नको.

इतकं सांगितल्यावर जिलेटिनची एक बाजू मान्य करायलाच हवी. ते तोंडाच्या उबेनं वितळतं, म्हणून त्याचं पुडिंग जिभेवर रेशमी लागतं. चायना ग्रास तोंडात वितळत नाही, चावल्यावर तुटतं. प्रमाण थोडं जास्त झालं तरी ते रबरासारखं होतं. यावर कोल्हापुरात सोपा उपाय हाताशी आहे, तो म्हणजे म्हशीचं दूध. गंगावेशीतल्या कट्ट्यावरून आणा नाहीतर पिशवीतलं फुल क्रीम घ्या. म्हशीच्या दुधात 6 ते 7 टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे चायना ग्रासचा तुटकपणा बराच झाकला जातो. अर्धी वाटी कंडेन्स्ड मिल्क घातलं आणि त्या प्रमाणात साखर कमी केली, तर पोत आणखी मऊ येतो. घरच्या चार माणसांसाठी, फ्रीजमधून काढून लगेच खायचं असेल आणि सगळ्यांना चालत असेल, तर जिलेटिन जरूर वापरावं. तिथे त्याची मजा खरी आहे.

चायना ग्रास लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानांत सहज मिळतं. काड्या पांढरट आणि कोरड्या घ्याव्यात, पिवळ्या पडलेल्या किंवा समुद्राचा वास येणाऱ्या घेऊ नयेत. जिलेटिन केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळेल.

चायना ग्रासचं पुडिंग लवकर गार व्हावं म्हणून फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका. गोठून पुन्हा सुटं झालं की त्यातलं सगळं पाणी बाहेर पडतं आणि मागे स्पंजासारखा चोथा उरतो. जपानमध्ये थंडीत अगर गोठवून, उन्हात सुकवून याच गुणाचा उपयोग करत काड्या तयार केल्या जात. आपल्याला उलटं हवंय, म्हणून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवा. सकाळी कडेला थोडं पाणी सुटलेलं दिसेल, ते भांडं तिरकं करून काढून टाका. डाळिंबाचे दाणे मात्र तिथे पोचल्यावरच वर पसरा. आदल्या रात्री घातले तर पांढऱ्या पुडिंगवर गुलाबी डाग पडतात.