गेम तीन तास, सर्व्हर चोवीस तास

संध्याकाळी गेम खेळायचे आणि उरलेल्या वेळात त्याच पीसीवरून घरभर सिनेमे, गाणी, फोटो पुरवायचे, असा दुहेरी बेत पुण्यात आता बरेच जण करतात. दुकानातून कोटेशन मात्र येतं ते निव्वळ गेमिंगचं. कोणत्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, मिळतात, एवढाच हिशेब. मीडिया सर्व्हरचं काय, एक मोठी हार्ड डिस्क टाकली की झालं, असा सगळ्यांचा समज. तो कितीला पडतो हे विजेच्या बिलातून लवकर कळतं.

समजा, गेम चालू असताना मशीन २५० वॉट खेचतं आणि रोज ३ तास खेळणं होतं. झालं पाऊण युनिट. उरलेले २१ तास मशीन नुसतं जागं असतं आणि ६० वॉट घेतं. ते होतं सव्वा युनिट. म्हणजे ज्या वेळात मशीनला कोणी हातही लावत नाही, त्याच वेळात जास्त वीज जळते. हेच ६० वॉट ३५ वर आणले तर वर्षाला १९० युनिट वाचतात. सगळे आकार धरून युनिट १० रुपयांना पडतं असं मानलं, तर वर्षाला १,९०० रुपये आणि पाच वर्षांत साडेनऊ हजार. बजेट मशीनमध्ये ही रक्कम लहान नव्हे.

त्यामुळे प्रोसेसर निवडताना तो पळतो किती यासोबत झोपतो किती गाढ, हेही बघावं लागतं. रायझन ५ ५६०० हा गेमिंगसाठी उत्तम स्वस्त प्रोसेसर. पण त्यात गणित करणारी चिप वेगळी आणि मेमरीशी व्यवहार करणारी चिप वेगळी. या दोघींमधला दुवा काम नसतानाही पूर्ण झोपत नाही. कोअर आय३ १२१०० किंवा रायझन ५ ५६००जी यांच्यात सगळा कारभार एकाच चिपवर असल्याने ते निवांत असताना कमी वीज खातात. अर्थात फुकट काही मिळत नाही. ५६०० मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली मेमरी, ३२ एमबी आहे, ५६००जी मध्ये निम्मी, १६ एमबी, आणि गेममध्ये हा फरक जाणवतो.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीच्या आसपास चौकशी करत फिरलात, तर हा संवाद कधी ना कधी कानावर पडेल.

“दादा, १२१०० एफ घ्या, स्वस्त पडतो. ग्राफिक्स कार्ड घेताय ना वेगळं? मग प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं काय लोणचं घालायचंय?”

“काका, पण घरी टीव्हीवर सिनेमे लावायचेत यावरून.”

“अहो, सिनेमा काय, कशावरही चालतो!”

काकांचं अर्धं बरोबर आहे. सिनेमा जसा साठवलाय तसाच टीव्हीला पाठवायचा असेल, तर खरंच कोणताही जुनापुराणा प्रोसेसर चालतो. अडचण येते ती हॉलमधल्या टीव्हीला फाइलचा फॉरमॅट कळत नाही तेव्हा, किंवा बाहेरगावी कोणी मोबाइलवर बघत असतं आणि नेट तेवढं पळत नाही तेव्हा. मग सर्व्हरला तो सिनेमा उलगडून, नव्या साच्यात पुन्हा घडी घालून, चालत्या गाडीत पाठवावा लागतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात.

हे काम किती मोठं आहे बघा. ४के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला २४ चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला पावणेपाच अब्ज बिटांच्या वर जातो. प्रत्यक्षात फाइल सेकंदाला २ कोटी बिटांतही भागवते, कारण लागोपाठच्या दोन चित्रांत फारसं काही बदललेलं नसतं. एचईव्हीसीसारखं कोडेक, म्हणजे व्हिडिओची घडी घालायची पद्धत, चित्राचे चौकोन पाडतं आणि “हा चौकोन मघाशी तिथे होता, आता जरासा डावीकडे सरकलाय” एवढंच लिहून ठेवतं. वाचताना हे सोपं. लिहिताना मात्र प्रत्येक चौकोन मागच्या चित्रात कुठे होता ते शोधत बसावं लागतं, आणि प्रोसेसरचे साधे कोअर, म्हणजे गणित करणारे भाग, यातच घामाघूम होतात.

म्हणून या एकाच कामासाठी चिपवर वेगळं सर्किट कोरलेलं असतं. इंटेलने २०११ साली क्विक सिंक या नावाने ते आणलं आणि ते राहतं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या शेजारी. एफ प्रकारात ग्राफिक्स बंद, तसं हे सर्किटही बंद. साध्या १२१०० मध्ये ते आहे, एचईव्हीसी उलगडतं, घडीही घालतं आणि एव्ही१ हे नवं कोडेक उलगडू शकतं. ५६००जी ला एव्ही१ हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड हे काम करू शकतं, पण मग रात्रीबेरात्री तेवढ्यासाठी तेही जागं करायचं. शिवाय सगळीच कार्डं करतात असंही नाही: आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ नव्याने बांधणारं सर्किटच दिलेलं नाही. माझं मत विचाराल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण एफ नको.

गेमिंगच्या कार्डाबद्दल फार लिहीत नाही, बजेट जिथे थांबेल तिथलं ८ जीबीचं कार्ड घ्या. आरएक्स ६६०० च्या वर्गातलं कार्ड १३२ वॉटमध्ये १०८०पी चे बहुतेक गेम नीट चालवतं. फक्त एक फुकटची गोष्ट सांगतो. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवलं आणि वेग तोच ठेवला, तर त्या भागातली वीज १९ टक्क्यांनी उतरते. कंपनी व्होल्टेज ठरवते ते सगळ्यांत कच्च्या चिपलाही झेपेल असं. तुमची चिप बरी निघाली, तर थोडं खाली आणता येतं. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेमही ६० वर बांधून टाका. सेकंदाला ११० फ्रेम काढायच्या आणि पन्नास कुणी बघायच्याच नाहीत, हा नुसता खोलीचा हीटर.

रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या, एक मोठी नव्हे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव एवढे चढलेत की इथे हात आखडतोच, पण दोन पट्ट्यांनी मेमरीचा रस्ता दुपदरी होतो.

साठवणुकीत दोन स्वभाव आहेत. गेमला हजारो बारके तुकडे इकडून तिकडून उचलायचे असतात, आणि मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीलाच ८.३ मिलिसेकंद लागतात. तिथे एसएसडीच हवी. सिनेमा मात्र सरळ ओळीत वाचला जातो. ४के ब्लू-रेची कमाल गती १२८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १६ एमबी. साधी हार्ड डिस्क १५० एमबी सहज देते. सिनेमांसाठी एसएसडीवर पैसे घालू नका.

हार्ड डिस्क घेताना मात्र ती सीएमआर (लिहिण्याचे पट्टे वेगवेगळे) की एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढलेले) हे विचारा, आणि दुकानदाराला माहीत नसेल तर मॉडेल नंबरावरून कंपनीच्या साइटवर बघा. एसएमआरमध्ये लिहिण्याचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं एक पट्टा बदलायला आजूबाजूचे पुन्हा लिहावे लागतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क न सांगता अशाच निघाल्या, तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली. एकदा भरून नुसते बघायचे सिनेमे असतील तर एसएमआर चालते. अनेक डिस्क जोडून एकच साठा (RAID) करणार असाल तर अजिबात नको.

राहिला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. वीज वाया किती कमी जाते हे सांगणाऱ्या ८० प्लस स्टिकरची चाचणी क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते; वरच्या टायटॅनियम दर्जाला १० टक्क्यांवरही होते. आपलं ३५ वॉटचं मशीन ७५० वॉटच्या एसएमपीएसवर ५ टक्क्यांवर बसतं, त्यामुळे २१ तासांबद्दल ते स्टिकर काहीच सांगत नाही. वरच्या हिशेबाला नावाजलेला ५०० वॉटचा पुरतो. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा लोकल मात्र घेऊ नका, आणि मशीन टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबू नका. आतले कपॅसिटर दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात, आणि पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये कपाटातली हवा आधीच तापलेली असते.

उरलेल्या पैशांत यूपीएस बसवा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते ते निदान आधी कळतं. वळवाच्या पावसात जाते ती न सांगता, आणि त्या क्षणी डिस्कच्या तात्पुरत्या मेमरीत असलेलं लिखाण उडून जातं. यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घेऊन ती वायर मशीनला जोडली आणि सेटिंग केलं, की बॅटरी उतरायला लागल्यावर सर्व्हर फाइली नीट जतन करून स्वतःच बंद होतो.