जुन्या गाडीचे इग्निशन: सुटे भाग बदलण्यापूर्वी कृपया वाचावे

पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसॅडर सकाळी कितीही सेल्फ मारला तरी सुरू होत नाही, चढावर मिसिंग करते (ठिणगी चुकून झटके देत चालते), किंवा तापल्यावर मध्येच बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, अशा तक्रारी घेऊन आमच्या गॅरेजमध्ये येणारे बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल असे सगळे नवे टाकले, तरी गाडी तशीच का? कामाच्या घाईत या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते येथे लिहून देत आहोत. इग्निशन म्हणजे ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारी व्यवस्था: कॉइल बॅटरीच्या करंटपासून ठिणगीची वीज तयार करते, पॉइंट तो करंट जोडतो आणि तोडतो, कंडेन्सर पॉइंटला जळण्यापासून वाचवतो, आणि डिस्ट्रिब्युटर ती वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला पोहोचवतो. पॉइंट असलेल्या, कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांनाच हे लागू आहे.

सगळे भाग एकदम बदलणे हीच या कामातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण दोष कुठे आहे हे सांगणारी खूण जुन्या भागांवरच असते. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि समोरच्या तोंडावर तेवढाच उंचवटा आलेला दिसला, तर आमचे लक्ष आधी कंडेन्सरकडे जाते. प्लग पेट्रोलने ओला निघाला तर ठिणगीचा विचार आधी करावा लागतो, आणि कोरड्या काळ्या काजळीने भरलेला निघाला तर कार्ब्युरेटर व चोककडेही पाहावे लागते. हे भाग कचऱ्यात गेले की आम्हाला वाचण्यासारखे काहीच उरत नाही. त्यातच कोणीतरी डिस्ट्रिब्युटर सैल करून अंदाजाने फिरवलेला असतो, किंवा त्याच्या कॅपवरील (झाकणावरील) वायरी काढून परत लावताना सिलिंडर पेटण्याचा 1-3-4-2 हा क्रम चुकलेला असतो. मूळ दोष एक, त्यावर हे नवे. मग आधी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि वायरी जागेवर आणायच्या, नंतर प्रत्येक नवा भाग चांगला आहे का ते तपासायचे, आणि त्यानंतर मूळ दोषाचा शोध सुरू करायचा, असे आमचे काम होते. तासाभराच्या कामाला दिवस लागतो तो इथे.

नवा भाग म्हणजे चांगला भाग, हे या गाड्यांच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, अ‍ॅम्बॅसॅडरचे 2014 मध्ये थांबले, आणि आता बाजारात मिळणाऱ्या मालात फार तफावत असते. त्यातही कंडेन्सर सर्वांत बेभरवशाचा. त्याची क्षमता साधारण 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपास असावी लागते. आम्ही प्रत्येक नग मीटरवर तपासूनच गाडीला लावतो, आणि म्हणूनच आमच्याकडील कंडेन्सर बाजारभावापेक्षा थोडा महाग पडतो. जुना कंडेन्सर चालू स्थितीत असेल तर तो बदलू नका, असे आम्ही स्वतःच सांगतो.

तपासणीत आम्ही काय करतो, हेही ग्राहकांना ठाऊक असावे. कॉइलच्या पॉइंटकडील टोकाला टेस्ट लॅम्प जोडून त्याचे दुसरे टोक अर्थ करतो, म्हणजे गाडीच्या धातूला जोडतो, आणि सेल्फ मारतो. लॅम्प उघडझाप करू लागला तर पॉइंट उघडतो आहे आणि बंदही होतो आहे. तो सतत पेटलेला राहिला तर पॉइंट टेकत नाही, त्यावर घाण आहे किंवा त्याची अर्थ तुटली आहे. मुळीच पेटला नाही तर पॉइंट उघडत नाही, कुठेतरी शॉर्ट आहे किंवा कॉइलपर्यंत करंटच पोहोचत नाही. पाच मिनिटांच्या या तपासणीने निम्मा गुंता सुटतो. पॉइंटची फट, जी साधारण 0.4 मिलिमीटर असावी, ती फीलर गेजनेच (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनीच) मोजतो. पोस्टकार्डाने किंवा नजरेने लावलेली फट काही दिवस चालते, पण फट हलली की टायमिंगही हलते.

काही दोष केवळ भाग बदलून कधीच सापडत नाहीत. आमच्याकडे आलेली एक अ‍ॅम्बॅसॅडर उभी असताना सुरेख चालायची आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मिसिंग करायची. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सर्व नवे होते. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटच्या प्लेटला जाणारी एक बारीक वायर असते. बाहेरून तिचे आवरण अखंड होते, पण चिमटीत धरून वाकवल्यावर ती भिजलेल्या सुतासारखी लोंबली, कारण आतील तांब्याच्या तारा तुटलेल्या होत्या. अ‍ॅक्सिलरेटर दिला की व्हॅक्यूममुळे ती प्लेट थोडी फिरते, वायर ताणली जाते आणि जोड सुटतो. वीतभर वायर बदलली आणि गाडी सुधारली. तपासणीचे शुल्क आम्ही वेगळे घेतो ते अशाच शोधासाठी, आणि पुढील काम आमच्याकडे केल्यास ते बिलातून वजा करतो.

गाडी घाटात तापून बंद पडली की बरेच जण पेट्रोलची वाफ झाली असे समजून इंजिनवरील पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवून थांबतात. दोष कॉइलचा असला तरी तेवढ्या वेळात कॉइलही थंड होते, गाडी सुरू होते, आणि श्रेय फडक्याला मिळते. त्याऐवजी गाडी बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच, ठिणगी पाहावी. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन हँडब्रेक ओढावा, जवळपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करावी, सोबत ठेवलेला एक चांगला प्लग वायरीला लावून त्याचे धातूचे अंग इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून ठेवावे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे; त्या वेळी वायरीला हात लावू नये. निळी, तडतडणारी ठिणगी दिसली तर पेट्रोलकडे पाहावे. ठिणगी नसेल किंवा पिवळट, बारीक असेल तर दोष इग्निशनचा समजावा. मात्र चांगली ठिणगी दिसली म्हणून प्लग निर्दोष ठरत नाही, कारण मोकळ्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबाखाली उडेलच असे नाही. गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असल्यास हा प्रयोग करू नये.

इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून बसणेही टाळावे. त्या क्षणी पॉइंट मिटलेला असेल तर सुमारे 3 ओहमच्या कॉइलमधून जवळजवळ 4 अँपिअर करंट सतत वाहत राहतो, आणि कॉइल तापून खराब होते.

पावसाळ्यात सकाळी सुरू न होणाऱ्या गाड्यांमध्ये कॅपच्या आतील ओल, आणि त्यातून उमटलेली केसाएवढी काळी रेघ, हे नेहमीचे कारण आहे. ओल कोरड्या कापडाने पुसता येते. रेघ उमटली असेल तर कॅप बदलावीच लागते. मे महिन्यात कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा भाग) आणि प्लगच्या वायरी तपासून घेतल्यास जूनमधील खोळंबा टळतो, आणि त्या महिन्यात आमच्याकडे वेळही लवकर मिळते.

गाडी आणताना आधी बदललेले सर्व जुने भाग एका पिशवीत घालून सोबत आणावेत आणि दोष गाडी थंड असताना दिसतो की तापल्यावर, हे कागदावर लिहून द्यावे. थंड इंजिनचा दोष असल्यास गाडी आदल्या संध्याकाळी सोडावी, म्हणजे सकाळचा पहिला सेल्फ आम्हालाच मारता येईल.