दोनच भाकऱ्या, पण केवढ्या?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जेवणाचा हिशेब भाकऱ्या मोजून होतो. ‘दोनच खातो’ म्हणणाऱ्याचं वजन तरीही वाढतं. खाणावळीतली पातळ भाकरी पन्नासेक ग्रॅम पिठात होते, घरची जाड थापलेली सहज शंभर ग्रॅम पीठ घेते. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 330 ते 350 किलोकॅलरी असतात. म्हणजे जाड दोन म्हणजे पातळ चार.

वजनकाटा नको. किलोभर पीठ वेगळ्या डब्यात काढा आणि त्यात किती भाकऱ्या होतात ते मोजा. दहा झाल्या तर एकीत 100 ग्रॅम, सोळा झाल्या तर साठेक.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 2000 किलोकॅलरीच्या दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 आणि भाज्या 400 ग्रॅम सांगितल्या आहेत. ही वजनं कच्ची आहेत, आणि घोळ इथेच होतो. वाटीभर तांदळाचा भात जवळपास तीन वाट्या होतो. कच्च्या तांदळाचं माप शिजलेल्या भाताला लावलं की माणूस उपाशी राहतो, आणि उलट केलं की तिप्पट खातो. दोन जाड भाकऱ्या नि 50 ग्रॅम तांदळाचा भात झाला की दिवसाचं धान्य संपलं. सकाळचे पोहे वरचे.

तेलाचं माप त्याच मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला 27 ग्रॅम आहे. चौघांच्या घरात एक लिटरची पिशवी निदान आठ दिवस पुरायला हवी. पाचव्या दिवशीच रिकामी होत असेल तर फोडणीची पळी बदला. शेंगाची चटणी कोरडी दिसते म्हणून कुणी मोजत नाही. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. दोन मोठे चमचे चटणी म्हणजे शंभरेक किलोकॅलरी.

पुढ्यात जास्त आलं की जास्त खाल्लं जातं. अमेरिकेतल्या आहार-संशोधक बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये लोकांना 500 ते 1000 ग्रॅम मॅकरोनी वाढून पाहिली. सर्वांत मोठ्या वाढपात सर्वांत लहान वाढपापेक्षा 30 टक्के जास्त ऊर्जा पोटात गेली. म्हणून भाताचं पातेलं ओट्यावरच राहू द्या, ताटात आधी भाजी-कोशिंबीर वाढा. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ ‘आणखी एक घ्या’ला थांबवता आलं तर उत्तम, आपल्याकडे ते अवघडच.

भातलावणीला दिवसभर वाकणाऱ्यांना हे आकडे कमी पडतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी एकदम कमी करू नये, साखर उतरून चक्कर येऊ शकते.