शून्य मार्क मिळालेले सैनिक

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दर दोन-तीन महिन्यांनी एक रंगीत नकाशा येतो: 'जगातील देशांचा सरासरी बुद्ध्यांक'. भारत त्यात लालभडक. मग कुणीतरी 'म्हणूनच आपली ही अवस्था' असं लिहितं, कुणी शून्याचा शोध आपणच लावल्याची आठवण करून देतं आणि आत्या गुलाबाचं फूल टाकून वाद मिटवते. या वेळी मला गप्प बसवेना, कारण या नकाशाच्या पणजोबांशी माझी चांगली ओळख आहे. त्यांचा जन्म अमेरिकेच्या लष्करी छावण्यांमधला.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. हार्वर्डचे रॉबर्ट यर्क्स तेव्हा अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते आणि आपला विषय भौतिकशास्त्राइतकाच पक्का आहे हे जगाला दाखवायची त्यांना घाई होती. मे महिन्यात हेन्री गॉडार्ड, लुईस टर्मन वगैरे मानसशास्त्रज्ञांना घेऊन ते न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडला बसले आणि थोडक्या दिवसांत जवानांची बुद्धी मोजायच्या चाचण्या तयार केल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'आर्मी अल्फा', बाकीच्यांसाठी 'आर्मी बीटा'. युद्ध संपेपर्यंत १७ लाखांहून जास्त जवान या चाचण्यांना बसले. त्या सैन्यात दर पाच-सहा जणांमागे एक परदेशात जन्मलेला होता: इटालियन, पोलिश, रशियातून आलेले ज्यू, ग्रीक.

अल्फातला एक प्रश्न असा: क्रिस्को म्हणजे काय? पेटंट औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? (क्रिस्को म्हणजे तिकडचा डालडा.) दुसरा: क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध आहे? लेखक, चित्रकार, बेसबॉलपटू की विनोदी नट? हे म्हणजे पोलंडहून आलेल्या माणसाला विजय हजारे कोण ते विचारायचं आणि उत्तर आलं नाही की त्याला जन्मजात मंद ठरवायचं.

बीटात तर वाचायचं काहीच नव्हतं, म्हणजे ती तरी न्याय्य असेल असं वाटतं. जरा त्या खोलीत डोकावू. गर्दी, गोंगाट. पुढे फळा, फळ्याजवळ एक परीक्षक आणि एक प्रात्यक्षिक करणारा. सूचना बहुतेक हातवाऱ्यांनी द्यायच्या. सहाव्या भागात अपुरी चित्रं पुरी करायची होती. परीक्षक फळ्यावरच्या हाताच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणतो, "फिक्स इट!" प्रात्यक्षिक करणारा मुद्दाम गोंधळल्यासारखा उभा राहतो. परीक्षक बोट नसलेल्या जागेवर टिचकी मारून पुन्हा म्हणतो, "फिक्स इट, फिक्स इट!" मग प्रात्यक्षिक करणारा तिथे खडूने बोट रेखाटतो. झाली सूचना. आता २० चित्रं, वेळ तीन मिनिटं. विजेच्या दिव्यात तार नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही, टेनिसच्या मैदानावर जाळी नाही. ज्याच्या गावात वीज पोचलेली नाही, त्याला दिव्यात काय कमी आहे हे कळणार कुठून? धुराडं नसलेलं एक घरही त्यात होतं. सिसिलीच्या एका जवानाने त्या घरावर क्रूस काढला, कारण त्याच्या मुलखात घरावर तिथे क्रूस असायचाच. उत्तर चूक धरलं गेलं.

शिवाय हातात पेन्सिल. कित्येकांनी ती जन्मात पहिल्यांदा धरली होती.

बीटासाठी रांगा लांबल्या की बऱ्याच छावण्यांत जेमतेम वाचता येणाऱ्यांनाही अल्फाला बसवत. नापास झालेल्यांना पुन्हा बोलवायचं असा नियम होता, पण तेवढी सवड कुणाला होती?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. शून्याकडे.

किराणा दुकानातल्या मोठ्या वजनकाट्यावर मोहरीचा एक दाणा ठेवा. काटा शून्य दाखवेल. दाण्याला वजन आहे, काट्याला ते दिसत नाही इतकंच. काट्याची वायर काढून टाकली तर पोतं ठेवलं तरी काही दिसणार नाही. म्हणून शून्य दिसलं की आधी काटा तपासायचा असतो, मग माल. अल्फाच्या निकालांत कित्येक भागांमध्ये सर्वांत जास्त जणांना मिळालेले गुण शून्य होते. उंचीसारख्या गोष्टीचा आलेख मध्ये फुगलेला आणि दोन्हीकडे उतरता असतो. इथे शून्यावर एक खांब आणि पलीकडे वेगळी टेकडी. दोन वेगळ्या जमावांची बेरीज झाल्याची ही खूण आहे: ज्यांना प्रश्न कळला ते आणि ज्यांना कळलाच नाही ते.

सरासरी खाली येते हे तर झालंच, पण खरी गंमत पुढे आहे. समजा, दहा जवान आणि दोन चाचण्या. सात जणांना सूचना कळल्या. त्यांची दोन्हींत सरासरी १०, प्रमाण विचलन (म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) २, आणि एका चाचणीतल्या गुणांचा दुसरीशी काडीचा संबंध नाही, म्हणजे सहसंबंध शून्य. उरलेल्या तिघांना 'फिक्स इट' म्हणजे काय तेच कळलं नाही. त्यांना दोन्हींत भोपळा. दहाही जण एकत्र केले की सरासरी ७. सातांचा गट तिच्या ३ वर, तिघांचा ७ खाली. गटांमधल्या अंतरामुळे येणारा व्हेरिअन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) ०.७ × ९ + ०.३ × ४९, म्हणजे २१. गटाच्या आतला ०.७ × ४, म्हणजे २.८. दोन चाचण्यांचा सहसंबंध २१ भागिले २३.८, म्हणजे जवळजवळ ०.८८, पूर्ण जुळणी असती तर १! (आकडेमोडीत अडकला असाल तर ती सोडून द्या, पुढचं वाक्य तेवढं सोडू नका.) ज्या दोन चाचण्यांचा एकमेकींशी संबंधच नव्हता, त्या आता एकच गोष्ट मोजत असल्यासारख्या दिसतात, आणि ती गोष्ट असते भाषा. पण पाहणारा म्हणतो, 'बघा, सगळ्या चाचण्या जुळताहेत, म्हणजे आत एकच जन्मजात बुद्धी आहे.'

१९२१ साली यर्क्स यांनी जाडजूड अहवाल काढला. गोऱ्या अमेरिकन जवानाचं सरासरी मानसिक वय (म्हणजे त्याची बुद्धी किती वर्षांच्या मुलाइतकी) म्हणे १३, रशियनांचं ११.३४, इटालियनांचं ११.०१, पोलिशांचं १०.७४. पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये याची चांगलीच खिल्ली उडवली: सरासरी प्रौढ माणसाची बुद्धी सरासरी प्रौढाहून कमी कशी असेल?

त्याच आकडेवारीत उत्तरही पडलेलं होतं. अमेरिकेत येऊन पाच वर्षं न झालेल्यांचं मानसिक वय ११.२९. पुढच्या दर पाच वर्षांना ते चढत गेलं आणि वीस वर्षांहून जास्त राहिलेल्यांचं निघालं १३.७४. शाळकरी पोरगंही सांगेल की माणसं रुळली, भाषा शिकली, गुण वाढले. प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगम यांनी मात्र १९२३ मध्ये उलटा अर्थ लावला: आधी हुशार वंशाचे लोक येत होते, आता कमअस्सल येताहेत. १९२४ मध्ये १८९० च्या जनगणनेवर बेतलेला, दक्षिण आणि पूर्व युरोपीयांची वाट अडवणारा कायदा आला. त्यात चाचण्यांचा हात किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. १९३० मध्ये ब्रिगम यांनी आपलं लिखाण निराधार असल्याचं छापून कबूल केलं. तोवर कायदा लागू होऊन सहा वर्षं झाली होती. अमेरिकेला शिकायला निघालेली आपली मुलं जी एसएटी देतात, ती तयार करणारे हेच ब्रिगम.

हसायची सोय आपल्यालाही नाही. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन 'जन्मजात बुद्धिमत्तेचा अहवाल' देणारा स्टॉल पाहिला. फी काही हजार, समोर पालकांची रांग. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच बनतात, गणिताशी त्यांचं नातं कुणी दाखवलेलं नाही. पत्रिका निदान शंभर रुपयांत होते.

लष्करात सगळेच यर्क्सपंथी नव्हते. १९१८ मध्ये जॉर्जियातल्या कॅम्प गॉर्डनमध्ये आदेश कळत नाहीत म्हणून मागे पडलेल्या जवानांच्या भाषेप्रमाणे तुकड्या केल्या, त्यांच्यावर तीच भाषा बोलणारे अधिकारी नेमले, आणि कवायत सुरळीत झाली. ही पद्धत मग इतर छावण्यांनीही उचलली.

लष्करात चाचण्या घेणाऱ्यांत डेव्हिड वेक्स्लर नावाचा एक तरुण होता. जन्म रोमानियातला, सहा वर्षांचा असताना अमेरिकेत आलेला. घरदार, धंदा व्यवस्थित सांभाळणारी माणसं चाचणीत सपशेल आपटताना त्याने पाहिली. १९३९ मध्ये त्याने स्वतःची चाचणी काढली, त्यात तोंडी उत्तरांचे गुण वेगळे आणि हाताने करायच्या कामांचे वेगळे. साहित्य बरंचसं अल्फा-बीटातूनच उचललेलं.

वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी केलं. ते १९६९ पासून वापरात आहे आणि मराठीतही घेतलं जातं. प्रश्न बदलले, मुलं बदलली. पण आकड्यांखाली खुणा भरणं, चक्रव्यूह आणि अपुरी चित्रं, हे बीटातले तीन भाग त्यात अजून आहेत. फरक इतकाच, की समोर एकच मूल असतं, आणि चित्रात काय नाही ते त्याला त्याच्या भाषेत विचारतात.