ग्रामीण खासगी वाटांची नावे व पत्ते

सार्वजनिक रस्ता सोडून मालकाच्या जमिनीतून थेट घरापर्यंत जाणारी वाट म्हणजे ड्राइव्हवे. शहरात ती जेमतेम गाडी उभी करण्यापुरती असते. ग्रामीण भागात मात्र ती किलोमीटरभरही आत जाते, मध्ये फाटक, ओढा, झाडी लागते आणि घर रस्त्यावरून दिसतच नाही. अशा घराचा पत्ता नकाशावर कुठे ठेवायचा, यावर रुग्णवाहिका वेळेत पोहोचणे अवलंबून असते.

एकाच घराच्या वाटेला सहसा अधिकृत नाव देत नाहीत. घराला क्रमांक मिळतो. घर कितीही आत असले तरी वाट जिथे सार्वजनिक रस्त्याला मिळते, त्या तोंडावरून तो ठरवतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ग्रामीण क्रमांक म्हणजे अंतरच असते. रस्त्याच्या आरंभापासून वाटेच्या तोंडापर्यंतचे मीटर मोजून त्यांना १० ने भागतात आणि डाव्या बाजूला विषम, उजव्या बाजूला सम संख्या येईल असे जुळवतात. क्रमांक १५३१ म्हणजे आरंभापासून सुमारे १५.३ किमीवर, डाव्या हाताला. अनोळखी चालकालाही गाडीतल्या किलोमीटरच्या आकड्यावरून घर गाठता येते, आणि मध्ये नवे घर झाले तरी जुने क्रमांक हलत नाहीत. अमेरिकेतल्या अनेक काउंट्यांत (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागांत) मैलाला १,००० क्रमांक, म्हणजे दर ५.२८ फुटांना एक, असा हिशेब चालतो.

अमेरिकेत पूर्वी टपालमार्गाचा आणि पेटीचा क्रमांक हाच ग्रामीण पत्ता असे. पोस्टमन ज्या क्रमाने फिरे त्या क्रमाने पेट्या मोजलेल्या असत. घर कुठे आहे हे त्यावरून कळत नसे. ९११ ही आपत्कालीन सेवा १९६८ मध्ये अलाबामातील हेलीव्हिल येथे सुरू झाली. पुढे फोन करणाऱ्याचे ठिकाण पडद्यावर दिसण्याची सोय आली, तेव्हा हे पत्ते बदलून रस्त्याचे नाव व घरक्रमांक देणे भाग पडले.

वाट सामायिक झाली की नावाचा प्रश्न येतो. किती घरे झाल्यावर नाव द्यायचे, हे ठिकाणाप्रमाणे बदलते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संयुक्त मानकात पाचापेक्षा जास्त पत्ते असलेल्या खासगी रस्त्याला नाव लागते; त्याहून कमी असतील तर मूळ क्रमांकापुढे अक्षर जोडून भागवतात. नाव रहिवासी सुचवू शकतात, पण मंजुरी स्थानिक प्रशासनाची. परिसरात तेच किंवा उच्चाराला जवळचे नाव नाही ना, हे तपासतात, कारण घाबरलेला माणूस पत्ता फोनवर तोंडी सांगतो. नाव मिळाले म्हणून वाट सार्वजनिक होत नाही.

नकाशातल्या चुका बहुधा वाट न दाखवल्याने होतात. नुसत्या क्रमांकावरून अंदाजे जागा काढली तर बिंदू रस्त्यावर पडतो. तो घरावर ठेवला, पण वाट रेखाटली नाही, तर मार्गदर्शक प्रणाली सरळ रेषेत सर्वात जवळचा रस्ता निवडते. तो रस्ता नदीपलीकडचा, घराच्या मागचाही असू शकतो. म्हणून घर, वाट आणि वाटेचे तोंड या तिन्हींची नोंद हवी. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या मुक्त नकाशात ड्राइव्हवेसाठी सेवा-रस्त्याचा उपप्रकार आहे, प्रवेश खासगी असल्याची वेगळी खूण आहे आणि क्रमांक इमारतीवर किंवा प्रवेशापाशी नोंदवतात. नावाच्या रकान्यात फक्त खरे नाव लिहायचे. ‘खासगी वाट’ हे वर्णन झाले, नाव नव्हे. अमेरिकी जनगणना विभागाची टायगर ही रस्त्यांची माहिती २००७-०८ मध्ये या नकाशात घेतली गेली, तेव्हा कितीतरी शेतवाटा साधे निवासी रस्ते म्हणून उतरल्या. त्या अजूनही एकेक करून दुरुस्त कराव्या लागतात.

आयर्लंडने वेगळी दिशा धरली. तिथल्या ग्रामीण भागात एका टाउनलँडमधल्या (जमिनीच्या छोट्या पारंपरिक विभागातल्या) अनेक घरांचा पत्ता अक्षरशः एकच असे. २०१५ पासून प्रत्येक पत्त्याला सात अक्षर-अंकांचा स्वतंत्र एअरकोड मिळाला, त्यामुळे वाटेला नाव किंवा घराला क्रमांक नसला तरी घर ओळखता येते. आत शिरायचे तोंड मात्र नकाशावर तरीही दाखवावेच लागते.